पाऊल बाहेर, मान आत

सांगलीहून माझा धाकटा दीर फोन करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वहिनी, कंट्रीचा धंदा कसा चाललाय?" आणि मग स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसतो.

त्याचं चूक नाही. कंट्री म्हणजे आपल्याकडे देशी दारू, आणि बँड म्हणजे लग्नातला, लाल कोट आणि ट्रम्पेटवाला. मी 'कंट्री बँड'ची मॅनेजर आहे असं सांगितलं, की त्याच्या डोळ्यांपुढे मी, इंग्लंडला गेलेली त्याची पदवीधर वहिनी, वरातीपुढे बाटल्यांचं खोकं घेऊन चालताना दिसते. लंडनकडच्या मराठी मंडळींचीही फार वेगळी कथा नाही. स्टॅनमोरच्या एका बाईंनी मला गणपतीत हळूच विचारलं होतं, "मुंजीला वाजवतात का हो तुमचे लोक?"

वाजवतील. विचारलं तर वाजवतील. पण आधी खुलासा करते.

कंट्री हे मूळ अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गाणं. त्यात घर असतं, लांबचा रस्ता असतो, सोडून गेलेलं माणूस असतं आणि बहुतेक वेळा ऐन वेळी सुरू न होणारी गाडी असते. हे गाणं यॉर्कशरमध्ये फार मनापासून गायलं जातं, कारण या सगळ्या गोष्टी इथेही आहेत. आमच्या बँडचं नाव 'द कोल्ड केटल्स'. तालीम आमचा वादक ट्रेवर याच्या गॅरेजमध्ये होते आणि तिथल्या किटलीतलं पाणी आजवर कोणी गरम पाहिलेलं नाही, म्हणून हे नाव. मी गात नाही, वाजवत नाही. कार्यक्रम कुठे, कधी, कोणाकडून, गाडी कुठे लावायची, प्लग किती आहेत, जेवण मिळणार की सँडविच बांधून न्यायचे, आणि कोणावर कोण रागावलंय, हे मी बघते.

यात मी शिरले ती एका चुकलेल्या लग्नामुळे. मी लीड्सच्या एका हॉस्पिटलात अपॉइंटमेंट्सच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलं. कोणता पेशंट, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणत्या डॉक्टरपुढे, हे जुळवणं हा माझा व्यवसाय. ट्रेवर आमचा शेजारी. बसगाड्यांचा मेकॅनिक होता, आता निवृत्त. एका शनिवारी दुपारी तो बँडच्या व्हॅनमध्ये नुसताच बसून राहिलेला दिसला.

"काय झालं?"

"लग्नात वाजवायचं होतं, लव्ह." इथले लोक पोस्टमनलाही लव्ह म्हणतात.

"मग?"

"आम्ही पोचलो. लग्न नव्हतं."

यॉर्कशरमध्ये एकाच नावाची गावं सढळ हातानं वाटलेली आहेत. वधूची आई एका गावात फोनवर रडत होती आणि आमचे कलाकार दुसऱ्या गावात मेंढ्यांपुढे उभे होते. मी घरात गेले आणि एक कागद तयार करून आणला. पोस्टकोड सर्वांत वर, ठळक. गावाचं नाव त्याखाली. मग वेळ, माणूस, फोन, पार्किंग. ट्रेवरनं तो वाचला आणि म्हणाला, "हे असं करता येतं?" पुढच्या आठवड्यापासून मी बँडची मॅनेजर होते. माझी नेमणूक एवढ्यावरच झाली आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. त्यानंतर आम्ही मेंढ्यांपुढे उभे राहिलेलो नाही.

बाकी सगळ्यांपुढे राहिलो. एका गार्डन सेंटरनं आम्हाला नाताळच्या झाडांचा सेल सुरू होताना बोलावलं. खताच्या पोत्यांच्या आणि शोभेच्या धबधब्याच्या मधोमध स्टेज होतं. धबधबा बंद करा म्हटलं तर मालक म्हणाला, त्याचीच तर जाहिरात आहे. हॅना, आमची गायिका, डोळे मिटून शेवटचं कडवं गात असताना एका आजीबाईंनी तिच्या कोपराला बोट लावून विचारलं, "पक्ष्यांचे दाणे कुठे ठेवलेत?" हॅनानं त्याच सुरात, त्याच तालात, "मागे, डावीकडे, शेवटच्या रांगेत" असं गाऊन सांगितलं. लोकांना ती ओळ गाण्यातलीच वाटली. टाळ्या पडल्या. आजीबाईंना दाणेही मिळाले.

मात्र आमचा खरा श्रोता गार्डन सेंटरमध्ये नसतो, तो लाइन डान्सच्या क्लबांत असतो. लाइन डान्स म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. शाळेतलं लेझीम आठवा. सगळे रांगेत, सगळ्यांचे पाय एकदम, ठरलेल्या ठिकाणी वळायचं. फक्त लेझमीऐवजी टोप्या आणि बूट, आणि शिट्टीवाल्या गुरुजींच्या जागी आमच्याकडे मॉरीनबाई.

मॉरीनबाईंनी जन्मभर एका शाळेच्या जेवणघरात मुलांना रांगेत उभं केलं. निवृत्त झाल्यावर लीड्सजवळच्या एका गावात, चर्चच्या हॉलमध्ये, त्या मोठ्या माणसांना रांगेत उभं करू लागल्या. त्यांच्या 'पोरी' सत्तरीच्या आसपासच्या. आम्ही तिथे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा दुसऱ्याच गाण्यात त्यांनी हात वर करून बँड थांबवला आणि सरळ ड्रमवाल्या कॅलमकडे गेल्या.

"बाळा, तुला बस पकडायची आहे?"

"नाही."

"मग पळतोस कशाला? माझ्या पोरींना गुडघे आहेत."

कॅलमचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून त्याचा ताल जो बसला, तो बसला. आमच्या धंद्यात शिकवणी अशी चारचौघांत मिळते.

आता मुख्य गोष्ट सांगते. गेल्या वर्षाची.

हॅना आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, उरलेले दिवस गाणं. तिला बढती मिळत होती. पूर्ण वेळ, हाताखाली माणसं. उन्हाळा संपायच्या आत तिला उत्तर द्यायचं होतं. वसंतातल्या एका तालमीला तिनं गिटार खाली ठेवली आणि सांगितलं, "हे बघा, मला आपल्याच चार गावांत म्हातारी व्हायचं नाही. या उन्हाळ्यात यॉर्कशरबाहेरचं कोणी आपलं गाणं ऐकायला तिकीट काढून आलं, तर मी तीन दिवसांवर राहते आणि आपण देशभर फिरू. नाहीतर मी ती नोकरी घेते. मग नाताळ आणि लग्नं, एवढंच."

ट्रेवरनं किटली लावली, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. गायिका बदलून बँड चालतो, असं लोक म्हणतात. लोकांनी हॅनाला ऐकलेलं नसतं. मी त्या दिवशी वहीत एका ओळीत लिहिलं: 'बाहेरचे कान शोधणे.' आणि कामाला लागले.

निघताना मी पर्स उचलली, दाराशी गेले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "राइट, आय'ल कम, देन."

ट्रेवर म्हणाला, "झालं हिचं सुरू. आलेलीच आहेस की. आता जा."

हा आमचा जुना विनोद. मी इतकी वर्षं इथे राहिले, माझं इंग्रजी व्यवस्थित आहे. पण दाराशी आले की तोंडातून 'आय'ल गो' निघत नाही. आपण 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतो. जीभ विचार न करता तेच भाषांतर करून टाकते. त्या दिवशी हॅनानं पहिल्यांदा विचारलं, "पण असं का म्हणतेस?"

मी सांगितलं. जाते म्हणणं बरं दिसत नाही. घरातून निघणारं माणूस परत येणार, असं बोलूनच बाहेर पडायचं.

"आणि परत यायचं नसेल तर?"

"तरी येते म्हणायचं."

"यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असलं तरी?"

"तेव्हा तर नक्कीच."

पुढच्या तालमीला हॅना गाणं घेऊन आली.

एक मुलगी आजोबांचं विकलेलं घर शेवटचं बंद करून निघते, एवढंच गाण्यात आहे. कपाटं रिकामी, कुत्र्याचा पट्टा खुंटीला तसाच. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात, ती रिकाम्या घराला साध्या आवाजात म्हणते, "आय'ल कम, देन." मग शांतता. आणि त्या शांततेतून ट्रेवरचं पेडल स्टील हळूच उत्तर देतं. हे वाद्य टेबलासारखं आडवं असतं. पायाखाली पेडलं, गुडघ्यांना दांडे, हातात लोखंडी कांडी. त्यावर सूर एका जागेवरून दुसरीकडे घसरत जातो, आपल्या मींडेसारखा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सारंगीला कोणीतरी चाकं लावलीत. त्या गाण्यात मात्र ते रिकामं घरच बोलल्यासारखं वाटलं. मी गॅरेजच्या दारात उभी होते, आणि उगाच फोनमध्ये बघत राहिले.

ते गाणं मी लंडनच्या एका रेडिओ कार्यक्रमाकडे पाठवलं. देशभर ऐकला जाणारा कार्यक्रम. काही आठवड्यांनी निर्मात्याचा फोन आला. आम्ही सगळे गॅरेजमध्ये, फोन स्पीकरवर.

"लव्हली," तो म्हणाला. "रिअली लव्हली. जस्ट लव्हली." इंग्रज माणूस ओळीनं तीनदा लव्हली म्हणाला, की पुढे 'बट' येतं हे मी हॉस्पिटलात शिकले होते. ते आलं. "दोनच बारीक गोष्टी. मध्ये शांतता आहे. रेडिओवर शांतता आली की लोकांना वाटतं स्टेशन गेलं. तिथे काहीतरी वाजू दे. आणि ती ओळ. बाई निघाली आहे ना? मग 'आय'ल गो, देन' हवं. कम म्हटलं की ऐकणारा गोंधळतो."

एवढं केलं तर कार्यक्रमात थेट गायची संधी. फोन ठेवल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं मत स्वच्छ होतं. बदला. बाहेरचे कान समोर चालून आले होते आणि आड येत होता एक शब्द, तोही माझा. मी या देशात येऊन 'प्रीपोन' म्हणायचं सोडलं, 'आउट ऑफ स्टेशन' सोडलं, फोनवर 'टेल मी' म्हणायचं सोडलं. आता उरलेली एकुलती एक चूक देशभर ऐकवायची?

"चूक कुठेय ती?" हॅना म्हणाली. "निघताना जाते तर सगळेच म्हणतात. त्याचं गाणं कोण करेल?"

"माझी बायको निघताना काहीच म्हणाली नव्हती," ट्रेवर म्हणाला. "नुसतं दार आपटून गेली."

कॅलम म्हणाला, "शब्द बदलू, शांतता ठेवू."

"शब्द नसेल तर शांतता कशाची?" हॅनानं विचारलं.

मी तिला आठवण करून दिली, की उन्हाळ्याची अट तिचीच आहे. ती म्हणाली, "माहीत आहे. पण बाहेरच्यांनी ऐकावं ते आपलं गाणं, असं म्हणाले होते मी. त्याचं नाही." नकार कळवायचं काम माझं. मी फार सभ्य पत्र लिहिलं. त्याचंही सभ्य उत्तर आलं, पुढे कधीतरी बघू. याचा अर्थ इथे राहणाऱ्या कोणालाही सांगावा लागत नाही.

उन्हाळा सरकत राहिला. मी देशभर फोन करत होते. कुठे हो म्हणत, पण दोन वर्षांनी. कुठे म्हणत, आधी रेडिओवर आलात की कळवा.

अशात एका रविवारी दुपारी मॉरीनबाईंच्या हॉलमध्ये वाजवायचं होतं. तिथे हे गाणं मी यादीत घातलंच नव्हतं. मध्येच ताल थांबणाऱ्या गाण्यावर रांगा कोसळतील, हे उघड होतं. पण चहाच्या सुट्टीत मॉरीनबाई आल्या.

"ट्रेवर सांगत होता, रेडिओनं तुमचं गाणं नाकारलं."

"नाकारलं नाही, आम्हीच..."

"ते वाजवा."

"त्यात मध्ये थांबायचं आहे. नाचता येणार नाही."

"ते ठरवायला मी आहे."

गाणं सुरू झालं. बाया छान निघाल्या. पहिलं कडवं संपलं, वाद्यं थांबली, आणि रांगा एकमेकींवर आदळल्या. एक जण सरळ चहाच्या टेबलापर्यंत पोचली. हशा पिकला. हॅनाचा चेहरा पडला. मॉरीनबाईंनी मात्र हात वर केला होता.

"पुन्हा. त्या जागेपासून. ही बाई नेमकं काय म्हणते आहे?"

हॅनानं माझ्याकडे बोट दाखवलं. मग मला चर्चच्या हॉलमध्ये, मावश्यांच्या रांगांपुढे, 'येते' हा शब्द समजावून सांगावा लागला. मॉरीनबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बोलून झालं. आता करून दाखव. तुझी आई हे म्हणताना कशी उभी राहते?"

हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मी हॉलच्या दारापर्यंत गेले. एक पाऊल बाहेर टाकलं, एक हात चौकटीवर ठेवला, आणि मान वळवून आत बघितलं. विचार करावा लागला नाही. अंगात होतंच ते.

"तशीच थांब!" मॉरीनबाई ओरडल्या. "पोरींनो, बघून घ्या. पाऊल बाहेर, मान आत."

लाइन डान्समध्ये अशी एक सोय असते. गाणं नाचात मावत नसेल, तर तेवढ्याच ठिकाणी दोनचार जादा पावलं जोडतात, त्याला टॅग म्हणतात. मॉरीनबाईंनी तिथल्या तिथे टॅग बसवला. शांततेत सगळ्यांनी एक पाऊल दाराकडे टाकायचं, हात चौकटीवर ठेवल्यासारखा उचलायचा, मान मागे वळवायची आणि तसंच थांबायचं. स्टीलचा पहिला सूर आला, की अख्ख्या अंगानं परत आत वळायचं.

एकच भांडण उरलं.

"ही शांतता दर वेळी तेवढीच हवी," मॉरीनबाईंनी हॅनाला बजावलं. "आमचं वजन एका पायावर असतं."

"ते भावनेवर असतं. कमीजास्त होतं."

"मग भावनेला सांग, मॉरीनच्या कमरेचा सांधा नवा बसवलेला आहे."

शेवटी ठरलं, की कॅलम मनात मोजेल आणि ट्रेवरला डोळ्यांनी सांगेल. त्या दुपारी ते गाणं आम्ही चहा गार होईपर्यंत वाजवलं.

या नाचांची पावलं लिहून काढलेला कागद असतो, स्टेप शीट. एका क्लबकडून दुसऱ्याकडे तो लोणच्याच्या रेसिपीसारखा फिरतो. मॉरीनबाईंनी आमचा कागद वेल्समधल्या नणंदेला पाठवला. तिनं तिच्या क्लबला शिकवला, कोणीतरी व्हिडिओ काढला. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी थिएटरांना फोन करण्यात गुंतलेली. माझी मुलगी इरा, जन्म लीड्सचा, मराठी घरचं, तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तुझी वाक्य फेमस झाला."

"तुझं वाक्य. झालं."

"व्हॉटेव्हर. बघ ना."

तिच्या फोनवर कॉर्नवॉलमधल्या कुठल्याशा हॉलमध्ये अनोळखी बाया आणि बापे, पाऊल बाहेर टाकून, मान आत वळवून उभे होते. माझ्या आईसारखे. पुढच्या व्हिडिओत नॉर्फक. मग न्यूकासल. मग ईमेल सुरू झाले. गाणं कुठे मिळेल? बँड प्रत्यक्ष येतो का? मी एक नवीन वही काढली, एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला पोस्टकोड.

आईला फोन करून सांगितलं. ती ऐंशीच्या पुढची, सांगलीत असते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "दारात पाऊल अडकवून उभं राहू नये, असंही मी तुला सांगायचे. ते सांगितलंस का त्यांना?"

उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारचं आमंत्रण एडिनबराहून आलं. तिथल्या आसपासच्या क्लबांनी मिळून मोठा हॉल घेतला होता, तिकीट लावलं होतं. दुसऱ्याच दिवशी हॅनाला हॉस्पिटलात उत्तर द्यायचं होतं. मॉरीनबाई येऊ शकल्या नाहीत, इतका प्रवास त्यांच्या कमरेला झेपत नाही. ही हळहळ मला आजही आहे. ज्या बाईनं दार उघडलं, ती त्यातून आमच्याबरोबर आली नाही. त्यांनी निरोप दिला होता: कॅलमला सांगा, बस पकडायची नाही.

आम्ही पोचलो. बरोबर गावात. हॉलच्या स्वयंपाकघरात तयारी करायला जागा दिली होती. हॅना कपांच्या मांडणीखाली बसून गिटार लावत होती.

"मेधा, खरं सांग. हे लोक आपल्याला ऐकायला आलेत, की नुसते नाचायला?"

"तिकीट काढून आलेत. कारण विचारायची मी सोय ठेवली नव्हती."

"चेष्टा नको. नाचायलाच आले असतील, तर आपण म्हणजे टेपरेकॉर्डर. मग मी कशासाठी राहू?"

मी तिला पाण्याची बाटली दिली.

हॉल भरलेला होता. पहिल्या गाण्यापासून रांगा लागल्या, आणि लोक छान नाचले. मी बाजूला, साउंडवाल्याच्या शेजारी उभी राहून हॅनाकडे बघत होते. ती चोख गात होती, पण नजर जमिनीवरच्या बुटांवर. मग ते गाणं आलं. रिकामी कपाटं, कुत्र्याचा पट्टा. कडवं संपलं, वाद्यं थांबली. हॅनानं माइकजवळ तोंड नेलं, पण तिच्या आधीच सगळा हॉल बोलला. खणखणीत स्कॉटिश उच्चारात, एका आवाजात: "आय'ल कम, देन."

पाऊल बाहेर. मान आत.

हॅनाचं तोंड उघडंच राहिलं. कॅलमनं मोजलं, ट्रेवरकडे पाहिलं, आणि ट्रेवरनं कांडी तारांवर टेकवली. तेवढ्यात हॅनानं मागे हात करून दोघांना थांबवलं.

शांतता ठरल्यापेक्षा लांबत चालली. एवढी माणसं एका पायावर, कोणाचा गुडघा, कोणाची कंबर. कोणी पडलं तर? बँडचा विमा माझ्या नावावर होता. पण कोणी हललं नाही. कोणी हसलं नाही. सगळे मान वळवून, श्वास धरून, एका सुराची वाट बघत होते. माणूस याहून जास्त कसं ऐकतं, मला माहीत नाही.

हॅनानं हात खाली घेतला. ट्रेवरचा सूर आला, तो खालून वर घसरत गेला, आणि अख्खा हॉल त्याच्याबरोबर आत वळला. पहिल्या रांगेतले एक उंच म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते आणि पाय मात्र अचूक टाकत होते. हॅना पुढचं कडवं गायला लागली तेव्हा ती लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होती.

साउंडवाला माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ही शांतता मुद्दाम ठेवलीय का हो?"

"हो," मी म्हटलं. "ती आमचीच आहे."

सोमवारी सकाळी परत येताना आम्ही हायवेवर चहाला थांबलो. हॅना व्हॅनच्या दारात बसून हॉस्पिटलात फोन करत होती, आम्ही सगळे कपात बघत कान देऊन उभे. ती तिच्या वरिष्ठ बाईंशी फार नीट बोलली. आभार मानले. पूर्ण वेळ जमणार नाही, आहेत तेच तीन दिवस राहू देत, असं सांगितलं. ट्रेवरनं माझा हात इतका दाबला, की चहा सांडला. पलीकडून बाई काहीतरी समजुतीचं बोलल्या असाव्यात. हॅना हसली आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सवयीनं म्हणाली, "राइट, आय'ल कम, देन."

पलीकडे शांतता. मग त्या बाईंचा गोंधळलेला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "कम? आत्ता तर तू नाही म्हणालीस!"

कॅलम चाकाला टेकून हसायला लागला. हॅनानं फोनवर हात ठेवला आणि घाबऱ्या घाबऱ्या माझ्याकडे बघितलं.

"आता हिला कोण समजावणार?" ट्रेवर म्हणाला. "मेधा, हे तुझं काम, लव्ह."

मी कप ठेवला आणि फोन हातात घेतला.